अकरा चुका, बारा दुरुस्त्या

पुस्तकाची पहिली आवृत्ती हातात घेणं म्हणजे लेखकाच्या हाताला हात लागणं होय. मधली सगळी वर्षं गळून पडतात आणि ते पुस्तक ओल्या शाईच्या वासासकट छापखान्यातून बाहेर पडलं, त्या सकाळपाशी आपण जाऊन उभे राहतो.

ही दोन वाक्यं मी नाशिकमधल्या वेगवेगळ्या व्यासपीठांवरून चार-पाचदा ऐकली आहेत. त्यांतल्या दोन वेळा भाषण मीच लिहून दिलं होतं, त्यामुळे त्यांची जबाबदारी काही अंशी माझ्यावर येते. प्रत्यक्षात पहिली आवृत्ती हातात घेतली की आधी शिंका येतात. मग बांधणी कितपत ताण सहन करील याचा अंदाज घेत पुस्तक उघडावं लागतं, आणि लेखकाची आठवण होईपर्यंत बोटं जुन्या कातड्याच्या भुकटीने तपकिरी झालेली असतात.

नव्वदच्या दशकात मी एका लहान वाचनालयात सहायक ग्रंथपाल म्हणून लागले. जुन्या गावात, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर ते होतं. लग्नसराईत खालच्या बँडच्या तालावर मी सूचीची कार्डं लिहीत असे. ग्रंथपालाची जागा रिकामी होती, आणि रिकामीच राहिली. त्यामुळे मी नेमकी कुणाची सहायक आहे, हे मला निवृत्त होईपर्यंत समजलं नाही.

वकीलसाहेब आमच्या वाचनालयाचे सल्लागार होते. सल्ला ते वर्षातून एकदा, वार्षिक सभेत देत: पुस्तकं जपा. त्यांची स्वतःची पुस्तकं गंगापूर रोडच्या बंगल्यात, दिवाणखान्याशेजारच्या खोलीत, सागवानी कपाटात जपलेली होती. काचेच्या दारांमागे बेचाळीस पुस्तकं, सगळी कातडी बांधणीची, लालसर तपकिरी, जवळजवळ सगळ्यांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं. रविवारी सकाळी ते निवडक लोकांना संग्रह बघायला बोलवत. न्यायाधीश, डॉक्टर, एखादा प्राध्यापक, आणि मी. एकेक पुस्तक धुतलेल्या रुमालात धरून ते बाहेर काढत आणि पाहुण्याच्या डोळ्यांपुढे आडवं धरत. पाठीवर पुस्तकाचं नाव, त्याखाली लेखकाचं, आणि सगळ्यात खाली, लेखकापेक्षा जरा ठळक, ‘प्रथमावृत्ती’.

कुणी हात पुढे केला तर ते म्हणत, “हात नको. डोळ्यांनी.”

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन येत आणि उंबऱ्याशी थांबत. ट्रे घ्यायला वकीलसाहेब स्वतः पुढे होत. एवढा मोठा वकील बायकोच्या हातचा ट्रे उठून घेतो, याचं मला पहिल्यांदा कौतुक वाटलं होतं. काकू त्या खोलीत पाऊलच टाकत नाहीत, हे लक्षात यायला तीन-चार रविवार गेले.

मला शंका पहिल्या दिवसापासून होती, आणि ती कातड्यामुळेच आली होती. ज्या काळातली ती पुस्तकं म्हणून ते सांगत, त्या काळी मराठी पुस्तक बहुधा कागदी वेष्टनात नाहीतर साध्या पुठ्ठ्यात विकलं जाई. कातडं मागाहून चढायचं. मालक हौशी असला तर, किंवा पुस्तक मोडकळीला आलं तर. आणि नवी बांधणी करताना बाइंडर पुस्तकाच्या तिन्ही कडा कापून सारख्या करतो. त्याबरोबर समासातलं जुन्या मालकाचं नाव, टिपणं, तारीख, सगळं कातरणात जातं. म्हणजे कातड्याआड खरी पहिली आवृत्ती असू शकते, पण कातडं काही सांगत नाही, आणि जे सांगू शकलं असतं ते कापून टाकलेलं असतं. आतल्या पानावर ‘आवृत्ति पहिली’ असं बारीक अक्षरांत छापायची पद्धत होती. तो प्रकाशकाचा आशावाद. पाठीवर सोन्याने तसं छापून मात्र कुठलंही पुस्तक जन्माला आल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

हे मी कधी बोलले नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि काकूंचा चहा चांगला असे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका हिवाळ्यात वकीलसाहेब गेले. दोनेक महिन्यांनी काकू वाचनालयाचा जिना चढून आल्या. खाली लग्न होतं. मंगलाष्टकं नुकतीच संपली असावीत, कारण त्यांच्या पांढऱ्या केसांत कुणाच्या तरी अक्षता अडकल्या होत्या. त्या काढाव्यात की नाही हे मला ठरवता आलं नाही, म्हणून त्या तशाच राहिल्या.

पुस्तकं घ्याल का, असं त्यांनी विचारलं नाही. ती सगळी एकाच कपाटात ठेवाल का, आणि कपाटावर त्यांचं नाव लावाल का, एवढंच विचारलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. बंगला पुतण्याकडे जायचा होता, आणि पुतण्याने दारावरची पाटी आधीच काढून नेली होती, पॉलिश करायला म्हणून. ती परत आली नव्हती.

नावाच्या कपाटांचा आमचा अनुभव वाईट होता. एका घराण्याने ‘वडिलांचा ग्रंथसंग्रह’ म्हणून रेल्वेची वेळापत्रकं आणि दहावीची गाइडं दिली होती, आणि त्यावर पितळी पाटी होती. त्यानंतर समितीने ठराव केला: संग्रहात प्रथमावृत्ती असल्यासच देणगीदाराच्या नावाचे स्वतंत्र कपाट द्यावे, अन्यथा पुस्तके सर्वसाधारण मांडणीत मिसळावीत. आमचे कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक होते. ते काकूंना म्हणाले, की वहिनी, साहेबांच्या बाबतीत तपासणी ही केवळ औपचारिकता. काकू खाली उतरू लागल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “नीट बघा बाई. मागच्या वेळी गाइडं निघाली.”

मी काकूंना रिक्षापर्यंत सोडायला गेले. जिन्याच्या वळणावर त्या थांबल्या.

“सगळी खरी नसली तर?”

“एखादी तरी असेल की.”

“एखादी चालते का?”

ठराव पुन्हा वाचून सांगते, असं मी म्हणाले. त्यावर त्यांनी मान हलवली. वकिलाच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला हे उत्तर पुरेसं होतं.

पुढचे सहा शनिवार मी बंगल्यावर जात राहिले. काकू कपाटाची किल्ली माझ्या हातात देत, आणि स्वतः उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून मेथी निवडत बसत. आता अडवणारं कुणी नव्हतं, तरी खुर्ची उंबऱ्याच्या बाहेरच असे. मी आत जमिनीवर सतरंजी घालून पुस्तकं उघडत होते आणि कंटाळा येऊ नये म्हणून काय करते आहे ते मोठ्याने सांगत होते.

पहिली खूण किमतीची. किंमत रुपये-आण्यांत हवी. नवे पैसे दिसले की पुस्तक नवं. दुसरी खूण डोक्यावरच्या ठिपक्यांची. जुन्या मराठीत न उच्चारले जाणारे अनुस्वार असत. ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’. साठच्या दशकात शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि ते ठिपके गेले. काकू सातवीपर्यंत शिकल्या होत्या, सटाण्याच्या पलीकडच्या एका गावात. त्या म्हणाल्या, “त्या ठिपक्यांपायी आम्ही छड्या खाल्ल्या. मग एके दिवशी कळलं, ते नकोच होते. ठिपके काढले, छड्या काही कुणी परत घेतल्या नाहीत.”

वकीलसाहेबांच्या पहिल्या दहा-बारा पुस्तकांची गत अशी होती की शीर्षकाच्या पानावर जुना शक होता, किंमत आण्यांत होती, आणि आत शिरल्यावर एकही ठिपका नव्हता. पान एका पुस्तकाचं आणि देह दुसऱ्याचा. बाइंडरने ते इतक्या सफाईने चिकटवलं होतं, की बोट फिरवल्यावर सांधा लागत होता, डोळ्याला दिसत नव्हता. डोळ्यांनी बघा, असं ते का म्हणत, ते मला तेव्हा समजलं.

उरलेल्यांत ठिपके होते, पण शिवणीच्या खाचेत कापलेल्या पानाची बारीक पट्टी सापडायची. जिथे ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना’ असायला हवी, बरोबर तिथे. लेखकाने दुसऱ्या आवृत्तीबद्दल वाचकांचे आभार मानले असणार आणि ते आभार कुणीतरी पात्याने कापून काढले होते.

शेवटची खूण शुद्धिपत्राची. जुने खिळे हाताने जुळवत, त्यामुळे पहिल्या आवृत्तीत चुका राहत. छापून झाल्यावर त्या लक्षात आल्या की पुस्तकाच्या शेवटी एक पान जोडत. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. पुढच्या आवृत्तीत चुका दुरुस्त होत आणि ते पान गळून जाई. म्हणून पहिली आवृत्ती ओळखायची तर आधी चूक शोधायची. ती जागच्या जागी सापडली की पुस्तक खरं.

हे मी सांगत होते तेव्हा मेथीवरचा काकूंचा हात थांबला.

“आणि ती चूक कुणी दुरुस्त केली असली तर?”

“म्हणजे?”

“काही नाही. विचारलं.”

पाचव्या शनिवारपर्यंत एकेचाळीस पुस्तकं तपासून झाली. त्यांत खरी पहिली आवृत्ती एकही नव्हती. मी कपाटाचा खालचा खण उघडला तो तिथे आणखी काही पुस्तकं असतील या आशेने. आत एक जाड फाईल होती, कोर्टाच्या कागदांसारखी दोरीने बांधलेली. वर वकीलसाहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘काढलेली पाने’.

सगळी पानं होती. दुसऱ्या आवृत्त्यांच्या प्रस्तावना, तिसऱ्या आवृत्त्यांची शीर्षकपानं. प्रत्येकाला क्रमांक दिलेला, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने कुठल्या पुस्तकातून, कधी काढलं त्याची नोंद. मी एक पान त्याच्या पुस्तकातल्या पट्टीला लावून पाहिलं. बरोबर बसलं. माणूस आयुष्यभर वकील होता. खोटा पुरावा त्यांनी तयार केला, पण खरा नष्ट करणं त्यांना जमलं नाही.

मला हसू यायला हवं होतं. इतकी वर्षं त्या रुमालाची मी मनात टिंगल करत आले होते. पण ती फाईल मांडीवर घेऊन मी नुसतीच बसून राहिले. चाळीस वर्षं एक माणूस पात्याने प्रस्तावना कापतो, जपून ठेवतो, आणि दर रविवारी धुतलेला रुमाल घेऊन चारचौघांत उभा राहतो. त्याला त्या खोलीत एकटं असताना काय वाटत असेल, हे त्या दिवशी प्रथमच माझ्या मनात आलं.

मी घाईने फाईल खणात सरकवली. उंबऱ्यावरून काकू म्हणाल्या, “मिळाली का फाईल?”

मी खण पुन्हा उघडला.

“तेराव्यानंतर वाचली मी ती. मला वाटलं मृत्युपत्र असेल. तेव्हा गेले होते आत, तेवढं एकदाच. त्यांचा फोटो दिवाणखान्यात होता, तिथून दिसत नाही इकडचं.”

म्हणजे जिना चढून आल्या तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी त्या आल्या होत्या. मी तसं विचारल्यावर त्या म्हणाल्या, की नाव कुठेतरी राहावं. मेथीच्या काड्या गोळा करून झाल्या, पेपर घडी करून झाला.

“खालच्या फळीवर एक कोरं आहे. ते पाहिलंस?”

बेचाळिसावं पुस्तक मी बाजूला ठेवलं होतं. त्याच्या पाठीवर एकही अक्षर नव्हतं, त्यामुळे ती डायरी असावी असा माझा समज झाला होता. ते हातात घेण्याआधी काकूंनी मला त्याची हकीकत सांगितली. अधूनमधून थांबत, पण एकदाही डोळे न पुसता.

लग्न झालं तेव्हा त्या अठराच्या होत्या. वकीलसाहेब नवे वकील, भाड्याच्या दोन खोल्या. घरात त्यांच्या आजोबांकडून आलेलं एकच पुस्तक होतं, फळझाडांची कलमं कशी बांधावीत याबद्दलचं. हे पहिल्या आवृत्तीचं आहे, घरात किमतीचं म्हणावं असं एवढंच, असं त्यांनी नव्या बायकोला सांगितलं होतं. ते कामासाठी दोन दिवस मालेगावला गेले, तेव्हा काकूंनी ते वाचायला घेतलं. घरात त्यांना कळण्यासारखं पुस्तक तेच होतं. त्यांच्या वडिलांची लिंबाची आणि पेरूची बाग होती. शेवटच्या पानावर शुद्धिपत्र होतं, आणि त्यावर छापलं होतं, की वाचकांनी खालील चुका प्रथम दुरुस्त करून घेऊन मग पुस्तक वाचावे.

“छापलेलं होतं,” काकू म्हणाल्या. “मला वाटलं, करायचंच असतं. ह्यांनी केलं नाही म्हणजे वेळ झाला नसेल. आपण करून ठेवू, आले की खूश होतील.”

पट्टी घेऊन, नवऱ्याच्या टाकाने, निळ्या-काळ्या शाईने त्यांनी एकेक चूक खोडली आणि वर शुद्ध शब्द लिहिला. अकरा चुका होत्या. दुपार गेली.

वकीलसाहेब परत आले, त्यांनी पुस्तक उघडलं. ओरडले नाहीत. “तू काय केलंस, ते तुला कळायचं नाही,” एवढं म्हणाले, खिशातून रुमाल काढला आणि पुस्तक त्यात गुंडाळून वर ठेवलं. पुस्तकांना हात लावू नकोस, असं ते त्यानंतर कधीही म्हणाले नाहीत. काकूंनीच लावला नाही. दोनेक वर्षांनी जरा बरे दिवस आले, आणि वकीलसाहेबांनी दुसरं पुस्तक आणलं, मग तिसरं. मग कातडं, मग सोनं. कलमांच्या पुस्तकालाही त्यांनी कातडं चढवलं. सोनं मात्र नाही.

“माझ्यामुळे लागलं त्यांना ते,” काकू म्हणाल्या. “एक गेलं म्हणून चाळीस जमवत बसले.”

मी ते कोरं पुस्तक उघडलं. किंमत आण्यांत. ठिपके जिथल्या तिथे. शिवणीत एकही पट्टी नाही, मूळचं कागदी वेष्टनसुद्धा आत घेऊन शिवलेलं. शेवटी शुद्धिपत्र. मी अकराच्या अकरा जागा काढून पाहिल्या. शाईची रेघ बारीक आणि सरळ होती. तिच्याखाली छापलेली चूक अजून स्पष्ट वाचता येत होती. बेचाळीस पुस्तकांतलं खरं पुस्तक हेच होतं, आणि खरं असल्याचा पुरावा त्या अकरा रेघांखाली होता.

मधल्या एका पानावर मला बारावी दुरुस्ती दिसली. गुटी कलम उन्हाळ्यात बांधावं असं छापलं होतं; ‘उन्हाळ्यांत’ खोडून वर ‘पावसाळ्यांत’ लिहिलं होतं, ठिपक्यासकट. शुद्धिपत्रात ही चूक नव्हती. मी काकूंना विचारलं.

“ते चुकीचंच होतं,” त्या म्हणाल्या, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “उन्हाळ्यात गुटी बांधली तर मुळं फुटतील का? आठ दिवसांत फांदी वाळून जाते. आमच्या बापूंनी कधी आषाढाआधी बांधली नाही. लिहिणाऱ्याने नुसतं ऐकून लिहिलंय.”

वाचनालयात त्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती होती, पाठ गेलेली. सोमवारी जाऊन मी ती काढली. लेखकाने ‘पावसाळ्यांत’ केलं होतं.

पण त्या शनिवारी मला हे माहीत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, “काकू, हे खरं आहे. पहिल्या आवृत्तीचं.”

“आणि बाकीची?”

“एवढंच.”

माहेरचं माणूस आलं की काकूंच्या बोलण्यात तिकडच्या अहिराणीतलं ‘शे’, म्हणजे ‘आहे’, यायचं, एरवी कधी नाही. आता त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “इतलंच खरं शे.” मग माझ्याकडे बघून, नाशिकच्या मराठीत, “म्हणजे त्यांच्याकडे एकच खरं होतं. आणि तेच मी नासवलं.”

मी घाईने समजूत घालायला गेले. म्हटलं, नासवलं कसं, तुमच्या रेघांमुळेच मला ओळखता आलं; खालची चूक दिसते, म्हणून तर पुस्तक खरं ठरतं. आणि हे वकीलसाहेबांनाही कळलं असणारच, एवढ्या खुणा त्यांना ठाऊक होत्या.

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. काकूंनी हात पुढे केला, पुस्तक मागितलं नाही, नुसती माझ्या हातातल्या पुस्तकाची पाठ स्वतःकडे वळवली आणि ती कोरी पाठ बघत राहिल्या.

“कळलं होतं, तर मग सोनं का नाही लावलं?”

मी पुस्तक फळीवर ठेवलं, आणि काकू मेथी धुवायला स्वयंपाकघरात गेल्या.

सहाव्या शनिवारी मी यादी पक्की केली. फाईल यादीत घेतली नाही. ती काकूंनी ठेवून घेतली, पुढे तिचं काय झालं ते मी विचारलं नाही. अहवालात एकच वाक्य लिहिलं: ‘सदर संग्रहात प्रथमावृत्तीचा समावेश आहे.’ कार्यवाहांनी ते दोनदा वाचलं. किती प्रती, ते लिहिलं नाहीत, असं ते म्हणाले. ठरावात संख्या विचारलेली नाही, असं मी म्हणाले. ते तीस वर्षं मराठी शिकवत आले होते. चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ बघून ते म्हणाले, “बाई, व्याकरण पक्कं आहे तुमचं,” आणि त्यांनी सही केली.

कपाटाचं उद्घाटन थाटात झालं. लोखंडी कपाटाला झेंडूच्या माळा घातल्या. मागच्या भिंतीवर सरस्वतीची तसबीर होती. कातडं देवीच्या इतक्या जवळ चालेल का, असं एका समिती सदस्याने विचारलं, तेव्हा तसबीर समोरच्या भिंतीवर नेली. त्याच सदस्याच्या कमरेला कातडी पट्टा होता, पण तो विषय कुणी काढला नाही. प्रमुख पाहुण्यांनी पहिल्या आवृत्तीबद्दलची ती दोन वाक्यं म्हटली. काकूंना ‘ग्रंथप्रेमी वकीलसाहेबांच्या सहधर्मचारिणी’ म्हणून व्यासपीठावर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. त्या दोन्ही हातांत नारळ धरून उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मांडणी सजावट समितीने केली होती, त्यामुळे सोनेरी पाठी डोळ्यांसमोर आल्या आणि कोरं पुस्तक सगळ्यात खाली, भिंतीकडच्या टोकाला गेलं. वर पत्र्याची पाटी लावली, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत वकीलसाहेबांचं पूर्ण नाव.

त्यानंतर काकू दर गुरुवारी येऊ लागल्या. कपाटासमोरची खुर्ची त्यांची झाली. वर्तमानपत्र घेऊन बसत, तासाभराने उठत. पाटी दरवेळी एकदा वाचत. ओठ हलत, त्यावरून कळायचं. तिसऱ्या आवृत्तीत लेखकाने तुमचीच दुरुस्ती केली आहे, हे मी एका गुरुवारी त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, “त्याला कुणी माळ्याने सांगितलं असेल.” मी कपाटाची किल्लीही पुढे केली, म्हटलं, बघा ना हातात घेऊन, आता कोण काय म्हणणार आहे.

“नको,” त्या म्हणाल्या. “हाताला सवय नाही.”

मग गुडघे धरले, तेव्हा गुरुवार चुकू लागले. पुढे जिना चढवेना. एका पावसाळ्यात त्या गेल्या. मला चार दिवसांनी, वर्तमानपत्रातून कळलं. त्या दिवशी मी कोरं पुस्तक बाहेर काढून थोडा वेळ टेबलावर ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. मग परत ठेवलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वाचनालयाला रंग दिला. रंगारी मेहनती होता. त्याने लोखंडी कपाटंही करड्या रंगाने रंगवून काढली, आणि वकीलसाहेबांच्या कपाटाची पाटी न काढता तिच्यावरूनही दोन हात फिरवले. मी रॉकेलचा बोळा घेऊन खरवडून पाहिलं. ऑइलपेंटबरोबर नावाचं पहिलं अक्षरही निघून आलं, म्हणून थांबले. नोंदवहीत ते आता कपाट क्रमांक सात आहे.